वंशावळीत लेकी कुठे आहेत?

सुगी उरकली की वारणेच्या काठच्या गावांत हेळवी येतात. दारात बसून ते घराण्याचे मूळ गाव, कूळ, देवक सांगतात आणि मग एकामागून एक पिढ्यांची नावे वाचून दाखवतात. कर्त्या माणसाने घरात नव्याने जन्मलेल्यांची नावे सांगायची, हेळव्याने ती चोपडीत चढवायची आणि धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावाला जायचे, ही दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातली जुनी रीत. या नोंदींची साखळी चालते ती पुरुषांच्या नावांनी. लेक सासरी गेली की तिची रेघ तिथेच थांबते. सून कोणत्या घरातून आली, तिची आई कशाने गेली, मावशीला काय झाले होते, याला त्या चोपडीत जागा नसते.

वंशावळींना सध्या मोठा भाव आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे ते पाहण्यासाठी लोकांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. दाखल्यासाठी वंशावळ लागते, वाटणीसाठी लागते, सोयरीक जुळवतानाही तिची चौकशी होते. जीव वाचवण्यासाठीही ती लागू शकते, याचा विचार मात्र फार थोड्या घरांत होतो.

स्तनात गाठ घेऊन आलेल्या बाईला डॉक्टर एक प्रश्न विचारतात, ‘घरात आणखी कोणाला असा आजार होता का?’ उत्तर बहुधा तिच्याबरोबर आलेला नवरा किंवा दीर देतो, ‘आमच्यात कुणाला नाही.’ हे उत्तर खरे असते, पण ते सासरच्या घराचे असते. त्या बाईच्या शरीरातले एकही जनुक सासरचे नाही. तिची आई, मावशी, आत्या, आजी यांच्याबद्दल विचारायला हवे होते आणि ती माहिती तिथे उभ्या असलेल्या कोणाकडेही नसते. कधी कधी खुद्द तिच्याकडेही नसते, कारण आजी ‘पोटात पाणी होऊन’ गेली एवढेच तिच्या कानावर आलेले असते.

ही त्रुटी किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साठी केलेल्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो. यातले बहुतेक आनुवंशिक नसतात. ५ ते १० टक्के रुग्णांत मात्र आजाराचे मूळ जन्मतः मिळालेल्या एखाद्या जनुकातल्या बिघाडात असते. टक्का लहान दिसला तरी माणसांच्या हिशेबात ती संख्या दरवर्षी हजारोंत जाते, आणि त्या प्रत्येक स्त्रीमागे बहिणी, मुली, भाच्या असतात.

यात सर्वांत परिचित जनुके दोन, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. पेशीतला डीएनए तुटला की तो नीट जोडण्याच्या कामात या जनुकांपासून बनणारी प्रथिने लागतात. प्रत्येकाकडे या जनुकांच्या दोन-दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत जन्मतः बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही निकामी झाली की दुरुस्ती बिघडते, चुका साचत जातात आणि पेशी बेलगाम वाढू लागते. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा होण्याची सुमारे ४४ टक्के असल्याचे २०१७ मधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. त्यातली कुटुंबे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतली होती, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचायला हवेत.

हा बिघाड वडिलांकडूनही येतो. ज्याच्याकडे तो आहे, मग तो पुरुष असो वा स्त्री, त्याच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. स्वतः धडधाकट असलेला बाप तो आपल्या आईकडून घेऊन मुलीला देऊ शकतो. म्हणून आत्याचा आजार हा भाचीच्या आरोग्याचा प्रश्न असतो. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये बीआरसीए-१ चे ठिकाण सतराव्या गुणसूत्रावर दाखवले, ते २३ कुटुंबांच्या अभ्यासातून. कोणत्या बाईला, कोणत्या वयात, शरीरात कुठे कर्करोग झाला याच्या काळजीपूर्वक नोंदी नसत्या तर हा शोध लागला नसता.

इथे कर्करोगाचे जीवशास्त्र हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या समाजाच्या अभ्यासाला येऊन मिळते. आइसलँडचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नॉर्वे आणि ब्रिटिश बेटांकडून आलेल्या थोड्या लोकांनी ते बेट वसवले. पुढची अनेक शतके बाहेरून फारसे कोणी आले नाही. परिणाम असा, की तिथल्या आनुवंशिक स्तनाच्या कर्करोगाच्या बहुतेक कुटुंबांत बीआरसीए-२ मधला एकच ठराविक बदल सापडतो. कोणा एका जुन्या पूर्वजाकडून तो पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला. मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचेही तसेच. मध्ययुगात त्यांची संख्या फार घटली होती. त्या थोड्या लोकांपासून आजचा मोठा समाज वाढला आणि त्यात दर ४० माणसांपैकी सुमारे एकाकडे तीन ठराविक बीआरसीए बदलांपैकी एक असतो.

भारतात अशी परिस्थिती एका बेटावर नाही, शेकडो समूहांत आहे. जातीतच सोयरीक करण्याची चाल पडली की प्रत्येक जात आनुवंशिकतेच्या दृष्टीने बेटासारखी होते. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे कुमारसामी थंगराज आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांचा ठसा युरोपातल्या ज्यूंपेक्षाही गडद आढळला. त्यांतल्या १४ समूहांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांहून जास्त आहे. त्या अभ्यासाचा मुख्य रोख दोन्ही पालकांकडून बिघडलेली प्रत आली तरच होणाऱ्या आजारांवर होता. पण कर्करोगाच्या जनुकांसाठीही असाच तपशीलवार अभ्यास व्हायला हवा, हे त्यातून उघड होते.

ही चाल कधीची? याचे उत्तरही डीएनएमधून शोधले गेले आहे. दर पिढीत आई-वडिलांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, म्हणून दोन समाजांची मिसळण जितकी जुनी तितके त्या मिसळणीचे तुकडे आखूड. तुकड्यांची लांबी मोजून काळ काढता येतो. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असा हिशेब मांडला, की विशेषतः उच्च जातींमध्ये बाहेरची सोयरीक सुमारे ७० पिढ्यांपूर्वी थांबली. त्यांनी त्याचा संबंध गुप्त राजांच्या काळाशी जोडला.

इथे इतिहासकाराला हात वर करावा लागतो. कोल्हापूरच्या मुलखावर गुप्तांचे थेट राज्य कधीच नव्हते. इथे बदामीचे चालुक्य आले, राष्ट्रकूट आले, मग पन्हाळ्यावरून कारभार करणारे शिलाहार आले. त्यांच्या लेखांत जमिनीची दाने आहेत, जैन बस्त्या आहेत, व्यापाऱ्यांचे संघ आहेत, मंदिरांना लावून दिलेले कर आहेत. कोल्हापूरच्या भागात राज्य करणारे हे राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणजे आपले मूळ आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला असल्याची आठवण ते जपत होते. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे कोरीव लेख १९७७ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले. माणसे कुठून आली, कोणत्या गावात वसली, कोणाला जमीन मिळाली, हे अशा लेखांतून कळते. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवले आहे, की पूर्व मध्ययुगात, म्हणजे साधारण सहाव्या ते बाराव्या शतकात, शेतीचा विस्तार, स्थानिक राज्यांचा उदय आणि नव्या जातींची घडण या गोष्टी हातात हात घालून झाल्या. एका राजघराण्याच्या हुकमाने एका दिवसात जात बंद झाली, असे चित्र त्यात बसत नाही. डीएनए काळ सांगतो, कारण सांगत नाही. कारण हवे असेल तर ताम्रपट वाचणाऱ्याला बोलवावेच लागेल.

महाराष्ट्राला ही जोडी नवी वाटण्याचे कारण नाही. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मुळात गणिती. एकमेकांजवळच्या जनुकांमधले अंतर मोजण्याचे त्यांनी १९४० च्या दशकात दिलेले सूत्र आजही जगभर कोसंबींच्या नावाने वापरले जाते. त्याच कोसंबींनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात भारतातली सरंजामशाही वरून आणि खालून कशी वाढली याची मांडणी केली आणि पूर्व मध्ययुगाच्या अभ्यासाला वेगळे वळण दिले. इरावती कर्वे यांनी डेक्कन कॉलेजात बसून महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमापने आणि नातेसंबंधांच्या रीती एकत्र अभ्यासल्या. मामाच्या मुलीशी लग्न चालणारा दक्षिणेचा आचार आणि ते न चालणारा उत्तरेचा आचार महाराष्ट्रात कसे भेटतात, हे त्यांनीच नोंदवले.

कर्करोगाच्या बाजूनेही असेच घडले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथल्या विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. कोणत्या समाजात कोणता कर्करोग जास्त दिसतो, हे त्यांनी पाहायला सुरुवात केली. ल. दे. संघवी यांच्याबरोबर १९४९ मध्ये त्यांनी मुंबईतल्या जातीतच लग्न करणाऱ्या सहा समूहांच्या आनुवंशिक गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पण ते तिथे थांबले नाहीत. १९५५ मध्ये याच मंडळींनी तंबाखू ओढणे-चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. समाजासमाजांतल्या फरकामागे रक्त किती आणि सवय किती, हे त्यांनी वेगळे करून पाहिले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली काम केलेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि स्तनाच्या कर्करोगातला आनुवंशिकतेचा वाटा उंदरांच्या पिढ्यांवर तपासला.

या वारशातून घ्यायचा धडा दुहेरी आहे. वंश विचारा, पण वंशावर सगळे ढकलू नका. आइसलँडने हे आकड्यांत दाखवले आहे. तिथे तोच बीआरसीए-२ बदल असलेल्या स्त्रियांना सत्तरीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता १९२० मध्ये सुमारे १९ टक्के होती, ती २००० पर्यंत सुमारे ७२ टक्क्यांवर गेली. ऐंशी वर्षांत जनुक बदलले नाही. मुले कधी आणि किती होतात, किती काळ अंगावर पाजले जाते, खाणेपिणे, वजन, हालचाल, हे सगळे बदलले. जनुकाचा परिणाम समाजाच्या राहणीतून जाऊन ठरतो. म्हणून समाजाचा इतिहास हा कर्करोगाच्या अभ्यासाचाच भाग मानायला हवा.

यातला धोकाही उघड बोलायला हवा. ‘अमुक जातीत कॅन्सर असतो’ असे वाक्य एकदा तोंडातून गेले की ते परत घेता येत नाही. ते खोटेही असते. युरोपातल्या ज्यूंमध्ये सापडणारा बीआरसीए-१ मधला एक बदल भारतीय रुग्णांतही सापडला आहे, आणि एका भारतीय कुटुंबात तो स्वतंत्रपणे उद्भवल्याचे अभ्यासातून दिसले. बिघाड कुटुंबाचा असतो, त्यावर जातीचा शिक्का मारण्याने कोणाचेही भले होत नाही. संशोधकांनी समूहांचा अभ्यास जरूर करावा, दवाखान्यात मात्र आडनाव न विचारता आई, मावशी, आत्या विचाराव्यात.

दुसरी भीती घराघरांतली आहे. आईला कर्करोग होता हे कळले तर मुलीचे लग्न मोडेल, म्हणून ते लपवले जाते. ही भीती खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. लपवल्याची किंमत मात्र त्याच मुलीला मोजावी लागते. तिला पस्तिशीत गाठ लागली तर ती दुधाची गाठ समजून महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. आनुवंशिक माहितीवरून कोणाशी भेदभाव करू नये यासाठी अमेरिकेने २००८ मध्ये कायदा केला. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. तो येईपर्यंत माहिती गुप्त ठेवण्याची जबाबदारी डॉक्टर, प्रयोगशाळा आणि आरोग्य कर्मचारी यांच्यावर अधिकच कडकपणे टाकायला हवी.

‘जनुकाची तपासणी गरिबाला परवडणार आहे का?’ हा आक्षेप रास्त आहे. पण तपासणी ही शेवटची पायरी. पहिली पायरी फुकट आहे, ती म्हणजे तीन पिढ्यांची नोंद. आई आणि वडील दोन्हीकडच्या नातेवाइकांची नावे, कोणाला कोणत्या अवयवाचा कर्करोग झाला आणि कोणत्या वयात, एवढेच लिहायचे. पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग, एकाच बाजूच्या दोन किंवा अधिक नातेवाइकांना झालेला आजार, एकाच घरात स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग, दोन्ही स्तनांत झालेला कर्करोग किंवा पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग, यांपैकी काहीही नोंदीत दिसले तर ती घेऊन तज्ज्ञाकडे जावे. टाटा स्मारक केंद्रात कर्करोग-जनुकशास्त्राचा सल्ला मिळतो. आधी सल्ला आणि मगच तपासणी, हा क्रम मोडू नये. बिघाड सापडलाच तर लवकर आणि वारंवार तपासण्या, योग्य वयात अंडाशय काढण्याचा विचार, नेमकी औषधे असे मार्ग आज आहेत.

नोंदीत काही सापडले नाही म्हणून निश्चिंत होण्याचेही कारण नाही, कारण बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतातच. मुंबईत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीने आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यूही सुमारे ३० टक्क्यांनी घटले. ज्या घराच्या नोंदीत खुणा दिसतात, तिथल्या स्त्रियांना अशा तपासणीची गरज इतरांपेक्षा आधी असते, एवढेच.

हे काम वारणेच्या खोऱ्यात सुरू करायला फार काही लागत नाही. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या या परिसरात उसाच्या प्रत्येक प्लॉटच्या लागणीची तारीख लिहिलेली असते. सकाळ-संध्याकाळ घातलेल्या दुधाचे फॅट लिहिलेले असते. १९९८ मध्ये इथल्याच ७० गावांत संगणक नेऊन शेतकऱ्यांना उसाचा हिशेब गावात दाखवण्याचा प्रयोग झाला. जिथे म्हशीच्या दुधाची इतकी काटेकोर नोंद होते, तिथे घरातल्या बाईच्या आजाराची नोंद अवघड असू नये. वारणानगरात कला-विज्ञानाचे महाविद्यालय आहे, औषधनिर्माणशास्त्राचे आहे. इतिहासाचा विद्यार्थी हेळव्यांच्या चोपड्या आणि गावांचा इतिहास वाचू शकतो, औषधनिर्माणाचा विद्यार्थी आजाराचे प्रश्न नीट विचारायला शिकू शकतो. दोघांनी आशाताईंबरोबर एका गावापासून सुरुवात करावी. नोंद ज्या-त्या कुटुंबाच्या ताब्यात राहावी, गावच्या चावडीवर तिची चर्चा होऊ नये. ग्रामीण भागात कर्करोगाची शिस्तबद्ध नोंद होऊ शकते, हे बार्शीने १९८७ पासून करून दाखवले आहे.

स्त्रीने आपल्या माहेरची वंशावळ मांडणे या मातीला अगदी अपरिचितही नाही. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला दिलेल्या आणि पुण्यात सापडलेल्या ताम्रपटात सासरच्या वाकाटकांची वंशावळ दिलेली नाही. तिथे गुप्त घराण्याची, म्हणजे तिच्या बापाची, आजोबांची आणि पणजोबांची नावे आहेत. राजकारण म्हणून तिने ते केले असेल. पण सासरी गेलेली लेक आपल्या माहेरची साखळी तोडत नाही, हे तिने तांब्यावर लिहून ठेवले. आजच्या सुनेला त्यासाठी ताम्रपटाची गरज नाही. वहीचे एक पान पुरते. येत्या दिवाळीला, भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणींनी आईजवळ बसून ते पान भरावे आणि प्रत्येकीने त्याची एक प्रत घेऊन सासरी जावे.